लग्नाची ऑर्डर किती रुपयांची? फोटोग्राफरने दर ठरवण्याची रीत

तुळशीची लग्नं लागली की स्टुडिओत माणसं यायला लागतात. मुलीचे वडील, सोबत मामा, खिशात मुहूर्ताची चिठ्ठी. "हळद आणि लग्न, दोन दिवसांचं काम आहे. किती घ्याल?" अशा वेळी आपल्यातले बहुतेक जण चौकातला दुसरा स्टुडिओ किती सांगत असेल याचा अंदाज बांधतात, समोरच्याच्या गाडीकडे एक नजर टाकतात आणि आकडा बोलून मोकळे होतात. मीही पहिली सहा वर्षं हेच केलं. सातव्या वर्षी ऐन वैशाखात कॅमेऱ्याचं शटर गेलं. त्या सीझनला २२ लग्नं केली होती, तरी नवीन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायला खात्यात पैसे नव्हते. त्या रात्री वही घेऊन बसलो. ती वही आजही दर वर्षी नव्याने लिहितो, आणि या लेखात तीच तुमच्यापुढे उघडतो आहे.

खालचे आकडे तालुक्याच्या गावात एकट्याने स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाचं उदाहरण म्हणून घेतले आहेत. पुण्या-मुंबईत भाडं वेगळं, मदतनिसांची हजेरी वेगळी. आकडे तुमचे घाला, रीत तीच ठेवा.

पहिली पायरी: एकही ऑर्डर नसली तरी होणारा खर्च

रोलचा जमाना होता तेव्हा गिऱ्हाइकाला हिशेब डोळ्यांनी दिसायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो, रोलचे पैसे, धुलाईचे पैसे, प्रिंटचे पैसे. आता "कार्डात तर फोटो फुकटच निघतात" असं लोकांना वाटतं, आणि वाईट म्हणजे आपल्यालाही वाटायला लागतं.

एका लग्नात मी दोन बॉडींवर मिळून साधारण ३,००० क्लिक करतो. वर्षाला २५ लग्नं धरली तर एका बॉडीवर ३७,५०० क्लिक होतात. चांगल्या कॅमेऱ्यांच्या मेकॅनिकल शटरचं आयुष्य कंपन्या दीड-दोन लाख क्लिक सांगतात. म्हणजे चार वर्षांत बॉडी निवृत्तीला येते. म्हणून माझ्या वहीत कॅमेऱ्याचं आयुष्य चार वर्षं. दोन बॉडी, तीन-चार लेन्स, फ्लॅश, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) असं मिळून ६ लाखांचं सामान असेल आणि चार वर्षांनी विकून १ लाख २० हजार येतील असं धरलं, तर उरलेले ४ लाख ८० हजार चार वर्षांत विभागायचे. तसा वर्षाचा खर्च असा होतो:

- कॅमेरे, लेन्स, लाइट यांची झीज: १,२०,०००
- संगणक आणि मॉनिटरची झीज: ४५,०००
- हार्डडिस्क: २४,०००
- सॉफ्टवेअर: २०,०००
- जागेचं भाडं: ७२,०००
- वीज, इंटरनेट, फोन: ३०,०००
- गावातल्या गावात फिरण्याचं पेट्रोल: २४,०००
- दुरुस्ती आणि सामानाचा विमा: २५,०००
- नमुन्याचे अल्बम, जाहिरात, हिशेबनिसाची फी: ४०,०००

बेरीज ४ लाख. हप्त्यावर कॅमेरा घेतला असेल तर व्याजही यात धरा.

हार्डडिस्कचा आकडा पाहून नवे लोक हसतात. फोरके व्हिडिओ १०० मेगाबिट वेगाने रेकॉर्ड केला तर तासाला ४५ जीबी होतो. दोन कॅमेरे आठ तास चालले तर एका दिवसात ७०० जीबीच्या वर गेला, आणि त्याची दुसरी प्रत तर ठेवावीच लागते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका हळदीचं कार्ड खराब झालं आणि दुसरी प्रत नव्हती. त्या मुलीची आजी पुढे वर्षभरात गेली. नातीला हळद लावतानाचा तिचा फोटो मी देऊ शकलो नाही. तेव्हापासून दोन कार्डांसाठी दोन स्लॉट असलेला कॅमेरा आणि तीन प्रती यांचा खर्च मी गिऱ्हाइकाच्या बिलात न लाजता धरतो.

दुसरी पायरी: स्वतःचा पगार

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. गल्ल्यात उरेल ते आपलं, असा आपला हिशेब. त्याऐवजी आधी ठरवा: हेच काम दुसऱ्याच्या स्टुडिओत नोकरी म्हणून केलं असतं तर घर चालवण्याइतका पगार किती मागितला असता? उदाहरणात महिना ४०,००० धरू, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी असतो, आपल्याला नाही. म्हणून आरोग्य विमा आणि म्हातारपणाची तरतूद यासाठी आणखी ६०,०००. एकूण ५ लाख ४० हजार.

हे जास्त वाटत असेल तर तास मोजा. दोन दिवसांच्या एका लग्नासाठी भेटीगाठी आणि ठिकाणाची पाहणी ४ तास, प्रत्यक्ष काम २४ तास, डेटा उतरवणं आणि फोटो निवडणं ७ तास, सहाशेएक फोटोंचं कलर करेक्शन २० तास, अल्बमची मांडणी आणि त्यातल्या दुरुस्त्या ९ तास, व्हिडिओ एडिटरसोबत बसणं ६ तास. झाले ७० तास. अशी २५ लग्नं म्हणजे वर्षाचे १,७५० तास, म्हणजे पूर्ण वेळची नोकरी. ५ लाख ४० हजारांना १,७५० ने भागलं की तासाला साधारण ३०९ रुपये पडतात. उन्हातान्हात बारा तास उभं राहणाऱ्या आणि चुकल्यास दुसरी संधी नसणाऱ्या माणसाला हे जास्त आहेत असं मला वाटत नाही.

तिसरी पायरी: वर्षात लग्नं किती मिळतील ते खरं खरं लिहा

चातुर्मासात लग्नं जवळपास थांबतात. पौषात बरीच घरं टाळतात. गुरू-शुक्राचा अस्त असेल तर आणखी तारखा जातात. शिवाय अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो आणि कधीकधी ऐन सीझनवर पडतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. एरवी मे-जूनची सुट्टी म्हणजे आपली सुगी. त्या वर्षीची वही वेगळी लिहावी लागते. पंचांग हातात घेऊनच बसा.

मुहूर्त कितीही असले तरी चांगल्या एका तारखेला चार घरं आपल्याकडे येतात आणि पुढचे दहा दिवस कोणी फिरकत नाही. एका दिवशी आपण एकाच मांडवात असू शकतो. त्यामुळे मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष केलेल्या लग्नांची सरासरी घ्या, मनातला आकडा नको. उदाहरणात २५.

पावसाळ्यातले शाळेचे फोटो, बारसं, डोहाळजेवण, दुकानांच्या मालाचे फोटो यांतून खर्च जाऊन १ लाख ४० हजार सुटतात असं धरू. मग ४ लाख अधिक ५ लाख ४० हजार, म्हणजे ९ लाख ४० हजार. त्यातून हे वजा जाता ८ लाख लग्नांतून यायला हवेत. भागिले २५, म्हणजे प्रत्येक लग्नामागे ३२,०००.

हा आकडा स्टुडिओच्या भिंतीवर, फक्त स्वतःला दिसेल असा, लिहून ठेवा. यात अजून अल्बमचं एक पानही नाही.

चौथी पायरी: त्या लग्नाचा स्वतःचा खर्च

दुसरा फोटोग्राफर दोन दिवस, रोज ४,००० प्रमाणे ८,०००. व्हिडिओवाला तसाच ८,०००. लाइट धरणारा मुलगा २,०००. व्हिडिओ एडिटिंग ८,०००. अल्बमची डिझाइन २,०००, लॅबची छपाई आणि बांधणी ९,०००. प्रवास आणि वाटेतलं खाणं ३,०००. पेनड्राइव्ह, पेटी वगैरे १,०००. एकूण ४१,०००.

३२ आणि ४१ मिळून ७३,०००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी आणि धंदा वाढवण्यासाठी. साधारण ८०,०००. हा आपला दर.

मदतनिसांबद्दल थांबून बोलायला हवं. आपण गिऱ्हाइकाकडे न्याय्य दर मागतो आणि लाइटच्या मुलाला मात्र वरात संपेपर्यंत, रात्री दीडपर्यंत, त्याच हजेरीत राबवतो. हे मला पटत नाही. हजेरी किती तासांची ते आधी सांगा, जास्त तासांचे वेगळे द्या आणि गिऱ्हाइकाकडून पैसे येवोत न येवोत, पोरांचे पैसे आठवड्याच्या आत द्या. आपल्या दोन फोटोग्राफरपैकी एकाला मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या या बाजूला आणि दुसऱ्याला त्या बाजूला उभं राहायचं असतं. त्या चार मिनिटांत तो तुमच्यासाठी जीव ओततो की नाही, हे त्याच्या हजेरीवर आणि तुमच्या वागणुकीवर ठरतं.

पाचवी पायरी: जीएसटी

८०,००० गुणिले २५ म्हणजे २० लाख. त्यात पावसाळ्यातली कामं मिळवली की वीस लाखांच्या वर गेलो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. ही मर्यादा उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही. व्हिडिओवाल्याला आणि लॅबला दिलेले पैसेही तुमच्या बिलातून जात असतील तर ते तुमच्याच उलाढालीत धरले जातात. घरी पाच-साडेपाच लाख नेणारा माणूस या मर्यादेला कसा भिडतो ते यातून कळेल.

फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के कर. ८०,००० वर १४,४००, एकूण ९४,४००. लग्नघराला या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी किंमत ९४,४०० हीच. तेव्हा पहिल्या भेटीतच करासहित आकडा सांगा. "ऐंशी" म्हणून हो म्हणवून घ्यायचं आणि नंतर बिलात कर वाढवायचा, याने लोक दुखावतात, आणि ते बरोबरच आहे. ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवादारांसाठी कॉम्पोझिशनची सोय आहे: ६ टक्के कर स्वतः भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट नाही आणि परराज्यात सेवा देता येत नाही. सीमेवरच्या गावांतल्या, बेळगाव-निपाणीच्या किंवा गोव्याच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी शेवटची अट नीट लक्षात घ्यावी. आपल्याला काय सोयीचं ते सीएला वही दाखवून ठरवा.

सहावी पायरी: कोटेशन कागदावर

"फोटो, व्हिडिओ, अल्बम सगळं येईल" हे वाक्य पुढे भांडण लावतं. कागदावर काय काय हवं? कोणते कार्यक्रम: हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, दुसऱ्या दिवशीची सत्यनारायणाची पूजा, गोंधळ. प्रत्येकाची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ. माणसं किती. निवडून सुधारलेले फोटो साधारण किती. अल्बमचा आकार आणि शीटची संख्या, १२ बाय ३६ इंचांचा असेल तर तसं लिहून, आणि जास्तीच्या शीटचा दर. लग्न दोन तास लांबलं तर तासाचा दर. गाव लांब असेल तर मुक्काम आणि जेवण कोणाकडे. जेवणाचंही लिहा, उपाशी माणूस विदाईच्या वेळी फोकस चुकवतो.

काम एका पक्षाकडचं की दोन्हीकडचं, हेही लिहावं. आपल्याकडे बऱ्याचदा वधूपक्ष आणि वरपक्ष आपापला फोटोग्राफर आणतात आणि स्टेजवर दोघे एकमेकांच्या फ्रेममध्ये उभे राहतात. दोन्ही घरांनी मिळून एकच टीम घेतली तर त्यांचेही पैसे वाचतात आणि कामही चांगलं होतं. अशा वेळी मी दुप्पट पैसे घेत नाही; दुसऱ्या अल्बमचा खर्च, जास्तीचा माणूस आणि दोन घरांतली निवड सांभाळण्याचे तास एवढंच वाढवतो. सूनमुख आणि कान पिळणी या विधींना दोन्हीकडची माणसं एकत्र असतात, तिथे कोणाचे फोटो कोणाला हा वादच उरत नाही.

ड्रोनचा दर "असंच टाकून देऊ" म्हणून देऊ नका. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे पैसे घेऊन ड्रोन उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि कार्यालय विमानतळाजवळ किंवा लष्करी जागेजवळ असेल तर परवानगीशिवाय कोणताही ड्रोन उडवताच येत नाही. सर्टिफिकेट असलेल्या माणसाचे पूर्ण पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा.

फोटोंच्या मालकीबद्दल बऱ्याच फोटोग्राफरना माहीत नसलेली गोष्ट: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे नवरीचा फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर किंवा फ्लेक्सवर टाकायचा तर पैसे देणाऱ्याची आणि तिची लेखी संमती कोटेशनमध्येच घ्या. ती नाही म्हणाली तर दर वाढवू नका. तिचा चेहरा आहे.

सातवी पायरी: घासाघीस

"पलीकडचा चाळीस हजारांत करून देतो." हे वाक्य येणारच. माझं उत्तर साधारण असं असतं: "काका, ते चाळीसमध्ये देत असतील, त्यांचं मी काही वाईट बोलणार नाही. तुमचं बजेट मला सांगा, त्यात काय बसतं ते आपण मिळून बघू." मग कागद काढतो आणि दर तसाच ठेवून काम कमी करतो.

अल्बम आत्ता नको म्हणा: छपाई आणि डिझाइनचे ११,००० आणि माझे ९ तास कमी. हळदीला एकच माणूस पाठवू: आणखी कमी. तासाचा हिशेब इथे उपयोगी पडतो. ३२,००० भागिले ७० तास, म्हणजे माझा एक तास स्टुडिओच्या खर्चासकट साधारण ४५७ रुपयांचा. नोंदणी पद्धतीचं छोटं लग्न असेल, सगळं मिळून २० तासांचं, तर ९,१४० अधिक प्रवास वगैरे २,०००, त्यावर दहा टक्के: सव्वाबारा हजार. हा दर मी आनंदाने देतो. फक्त मोठ्या मुहूर्ताच्या तारखेला छोटं काम आधीच घेतलं तर दोन दिवसांचं काम हातचं जातं, म्हणून अशी तारीख असेल तर थोडं थांबायला सांगतो आणि महिनाभर आधी तारीख मोकळी राहिली तर लगेच पक्की करतो.

आणि उलट बाजूने: मुहूर्त दाट आहे, समोरचा अडला आहे, कार्यालय मोठं आहे, म्हणून ८० चे १२० सांगायचे नाहीत. खर्च तोच, तास तेच, मग आकडा तोच. गावात दोन घरं एकमेकांना विचारतातच, आणि विचारलं तर दोघांना एकच उत्तर मिळायला हवं.

नवीन मुलं विचारतात, "दादा, आमच्याकडे दाखवायला काम नाही, आम्ही किती घ्यायचे?" दोन सीझन कोणाच्या तरी हाताखाली हजेरीवर जा. त्यानंतर स्वतःचा पगार वर्षभर कमी धरा, पण पहिल्या आणि चौथ्या पायरीतला खर्च सोडू नका. तो सोडला की तुम्ही वडिलांच्या पैशाने दुसऱ्याचं लग्न करून देता.

घरच्या लग्नाचं वेगळं. चुलतभावाकडून अर्धे पैसे घेतले की त्याला वाटतं उपकार केले आणि आपल्याला वाटतं नुकसान झालं. मी दोनच वाटा ठेवल्या आहेत: एक तर माझं काम आहेर म्हणून, बाहेरचा खर्च तेवढा घरच्यांनी द्यायचा, नाहीतर कॅमेरा घरी ठेवून पाहुणा म्हणून जायचं आणि ओळखीच्या चांगल्या माणसाला काम मिळवून द्यायचं.

आठवी पायरी: पैसे कधी घ्यायचे

मी तीन हप्ते ठेवतो. तारीख धरताना ३० टक्के, हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत ५० टक्के, सुधारलेले फोटो देताना उरलेले २० टक्के. ८०,००० च्या ऑर्डरीत हे २४, ४० आणि १६ हजार होतात. पहिल्या दोन हप्त्यांत ६४,००० येतात, म्हणजे ४१,००० चा बाहेरचा खर्च आपल्या खिशातून होत नाही. शेवटचा हप्ता अल्बमशी जोडू नका. आपल्या प्रत्येकाच्या कपाटात दोन-दोन वर्षं पडून असलेले अल्बम आहेत, कारण घरच्यांची फोटो निवडच झाली नाही आणि बाकी तिथेच अडकली. निवडीला ६० दिवसांची मुदत लिहून द्या; त्यानंतर छपाईचा दर त्या वेळचा. आणि आपल्यालाही मुदत हवी: फोटो ३० दिवसांत, व्हिडिओ ६० दिवसांत, निवड आल्यावर अल्बम ४५ दिवसांत. उशीर आपल्याकडून झाला तर शेवटच्या हप्त्यातून काही रक्कम सोडायची, हेही त्याच कागदावर लिहायचं. अट दोन्हीकडून असली की लोक सही करताना बिचकत नाहीत.

लग्न मोडलं किंवा घरात कोणी गेलं तर इसाराचं काय? तारीख पुढे गेली आणि आपण मोकळे असलो तर इसार तसाच नव्या तारखेला लावावा. पूर्ण रद्द झालं आणि तीन महिने हातात असतील तर झालेला खर्च वजा करून परत द्यावा, कारण ती तारीख पुन्हा भरू शकते. महिन्याच्या आत रद्द झालं तर ठेवावा. आपणच आजारी पडलो तर तोडीचा माणूस पाठवायचा, तो त्यांना पसंत नसेल तर सगळे पैसे परत. दुःखाच्या घरी पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही, म्हणूनच हे आनंदाच्या दिवसांत लिहून ठेवायचं असतं.

दर वाढवताना

वही मी एप्रिलमध्ये नाही, आषाढात लिहितो. सीझनचे सगळे कागद ताजे असतात आणि हातात वेळ असतो. लॅबने शीटचा दर वाढवला, पोरांची हजेरी वाढली, की चौथ्या पायरीतला आकडा बदलतो. तो बदलला की दर आपोआप बदलतो. नवा दर तुळशीच्या लग्नानंतर येणाऱ्या ऑर्डरींना. आधी इसार घेतलेल्यांना जुनाच, मग त्यांचं लग्न पुढच्या मे महिन्यात का असेना. मागच्या वर्षी थोरल्या बहिणीचं लग्न केलं आणि यंदा धाकटीचं आलं, तर त्यांना दोन्ही वर्षांचा खर्चाचा कागद समोर ठेवून दाखवतो. शीटच्या दराची जुनी आणि नवी ओळ शेजारी शेजारी दिसली की बहुतेक जण पुढचा प्रश्न अल्बमच्या रंगाचा विचारतात.